मास्तरांचं मशीन मुकं का होतं

लक्ष्मणकाका मिरजकरांच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मशीन बंद केलं की दहा आकडे मोजायचे, मगच परत चालू करायचं. मनातल्या मनात मोजून चालायचं नाही, ओठ हलले पाहिजेत. कोप्पीकर रोडवरचं हे दुकान आधी रेडिओचं होतं, मग टीव्हीचं झालं आणि दोन हजार सालापासून कॉम्प्युटरचं. पाटी तीनदा बदलली, नियम तोच. टीव्हीच्या काळात कुणीतरी घाईनं बटण खालीवर केलं आणि नवाकोरा संच धूर सोडून गेला, तेव्हापासून काकांनी हे व्रत धरलं होतं. "करंट म्हणजे म्हैस आहे," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "पाठोपाठ दोनदा दावं ओढलं की लाथ घालते." गिऱ्हाईक मान डोलवायचं. न डोलवून सांगतंय कुणाला!

वनिता ही त्यांची पुतणी. हुबळीतच इंजिनिअर झाली, आणि वर्गातली सगळी पोरंपोरी बेंगळूरला पळाली तेव्हा ही बया काकांच्या दुकानाच्या माळ्यावर टेबल मांडून बसली. आईला वाटायचं, पोरीचं डोकं फिरलंय. कारण साधं होतं. माळ्यावर तिला हवं ते उघडून बघता यायचं आणि वर कुणी साहेब नव्हता.

दोन हजार चार साली काकांनी एका बुडीत कंपनीच्या लिलावात शंभर साउंड कार्डं उचलली. भाव मातीमोल, कारण ड्रायव्हर कुठं मिळत नव्हता. आता ड्रायव्हर म्हणजे काय, ते काकासुद्धा गिऱ्हाइकांना नीट सांगायचे. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला केर्नेल म्हणतात. प्रत्येक कार्डाची बोली निराळी. एक कानडीत बोलतं, एक मराठीत, एक भलत्याच कशात. कारभाऱ्याला ती बोली समजावी म्हणून जो दुभाषा बसवायचा, तो ड्रायव्हर. चार महिने डोळे फोडून वनितानं तो दुभाषा लिहिला आणि मेलेली शंभर कार्डं बोलायला लागली. काकांनी पेढे वाटले. मशीनच्या खोक्यावर चिठ्ठी लागली: बोलणारा कॉम्प्युटर.

अशातलंच एक मशीन धारवाडला सदाशिव मास्तरांच्या घरी गेलं.

सदाशिव मास्तर सुभाष रोडच्या मागच्या गल्लीतल्या मराठी शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवत होते. काचबिंदूनं डोळे हळूहळू नेले, आणि चार वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही गेला. वर्गात त्यांचं काही अडत नव्हतं. सनावळ्या तोंडपाठ, आणि तिसऱ्या बाकावर कोण खुसखुसतंय ते पाठ फिरवून सांगायचे. अडचण आली ती प्रश्नपत्रिकेची. मास्तर सांगायचे आणि त्यांच्या मंडळी, अंबूताई, लिहून घ्यायच्या. कुणीतरी वर कळवलं, की परीक्षेचे प्रश्न मास्तरांच्या स्वयंपाकघरात उघडे पडतात. शिक्षण खात्याचं पत्र आलं: प्रश्नपत्रिका गोपनीय असते, ती मास्तरांनी कुणाच्याही मदतीशिवाय स्वतः काढली आणि स्वतः वाचून तपासली पाहिजे. जमत असेल तर वर्ग त्यांचा. नसेल तर शाळेच्या रेकॉर्डच्या खोलीत बसावं. पगार तोच, खुर्चीही तीच. फक्त पोरं नाहीत.

म्हणून हा बोलणारा कॉम्प्युटर. कळ दाबली की अक्षर बोलायचा, पान उघडलं की वाचून दाखवायचा. वाचणारा प्रोग्राम बेंगळूरच्या कुणा हौशी माणसानं केलेला होता, त्यामुळं मराठी असं काही कानडी हेल काढून वाचायचा की अंबूताई तोंडाला पदर लावून हसायच्या. मास्तर दोन महिन्यांत सगळं शिकले.

आणि मग मशीन मुकं व्हायला लागलं.

तीन वेळा रिक्षात घालून ते धारवाडहून हुबळीला आलं. तिन्ही वेळा काकांनी वायर लावली, ओठ हलवत दहा मोजले आणि बटण दाबलं. तिन्ही वेळा मशीन टणटणीत बोललं. तिसऱ्या वेळी वनिताचाही धीर सुटला. मास्तर स्टुलावर बसले होते, हातात घडी केलेली पांढरी काठी. ती म्हणाली, "मास्तर, मशीनला काही झालेलं नाही. तुमच्याकडून कुठलीतरी कळ चुकून दाबली जाते."

"असेल, अक्का," एवढंच मास्तर बोलले. काठी उलगडली आणि उठले.

त्यानंतर महिनाभरानं मशीन शाळेत, सगळ्या शिक्षकांच्या देखत मुकं झालं. हेडमास्तरांनी खात्याला लिहिलं, की मास्तरांना यंत्र जमत नाही. खात्याचे साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलं. सोमवार, अकरा वाजता. अंबूताईंनी शनिवारी दुकानात फोन केला, पण त्यांनी तक्रार केली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "वनिताक्का, एकदा घरी येऊन बघ. इथं बघ. दुकानात ते शहाण्यासारखं वागतं."

रविवारी सकाळच्या बसनं वनिता धारवाडला गेली.

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. अंबूताईंनी गिरमिटाची, म्हणजे कांदा-मसाल्यात कालवलेल्या चुरमुऱ्यांची, बशी पुढं ठेवली आणि त्या दारात उभ्या राहिल्या. वनितानं आधी वायरी तपासल्या, मग स्पीकर. सगळं ठाकठीक. मशीन बोलतच होतं. तिनं सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदाच मास्तरांना विचारलं, "नक्की काय होतं, ते तुम्हीच सांगा बघू."

"सकाळी चालू केलं की बोलतं," मास्तर म्हणाले. "एकदाही चुकत नाही. दुपारी कधी तो वाचणारा प्रोग्राम अडकतो. मग मी त्या तीन कळा एकदम दाबतो, म्हणजे मशीन आपलं आपण मिटून परत उघडतं. तसं उघडलं की मुकं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलतं."

"कधीकधी मुकं?"

"कधीकधी नाही, दर वेळी. एकवीस वेळा झालं. मी मोजलंय."

वनिताच्या हातातला चमचा बशीतच राहिला. "पण तुम्ही बटणानं बंद करून, दहा मोजून..."

"डब्याला हात लावू देत नाही मी त्यांना," अंबूताई दारातून म्हणाल्या. "घर जुनं, अर्थिंग नाही. दिवाळीत असा झटका बसला की हात दोन दिवस लुळा. बटण फक्त मी दाबायचं, सकाळी एकदा. दिवसभर ते कळांवर काम करतात."

"दाबा बघू त्या तीन कळा," वनिता म्हणाली.

मास्तरांनी दाबल्या. मशीन मिटलं, परत उघडलं, पडदा उजळला, आणि आवाज नाही. वनितानं केर्नेलची नोंद उघडली. कारभारी जे जे करतो ते तो लिहून ठेवतो. तिथं दोन ओळी होत्या. कार्ड सापडलं. कार्ड उत्तर देत नाही.

तिनं ड्रायव्हरला कार्डानं काय उत्तर दिलं ते बघितलं. कार्ड बोलतं ते शून्य आणि एक या आकड्यांत, आणि इथं सगळे एक. एक, एक, एक, शेवटपर्यंत.

त्या कार्डाच्या पुस्तिकेत चार अवस्था दिल्या होत्या. शून्य म्हणजे टक्क जागं. तीन म्हणजे गाढ झोप. मधल्या एक आणि दोन या नुसत्या डुलक्या. मशीन मिटताना कार्डाला तीनमध्ये पाठवावं असं पुस्तिकेत होतं, म्हणून वनितानं तशी ओळ लिहिली होती आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती. झोपलेलं कार्ड नाव विचारलं तर सांगतं, पण कामाचं काही विचारलं की उत्तरात नुसते एक. तिच्या ड्रायव्हरमध्ये कार्डाला उठवायची ओळ होती. होती, पण कुठं? पहिला प्रश्न विचारून झाल्यावर! झोपलेल्याला आधी प्रश्न, मग हाक. उत्तर आलं नाही की ड्रायव्हर समजायचा कार्ड बिघडलं, आणि निमूट निघून जायचा.

मग दुकानात चार महिने हे कसं दिसलं नाही? दिसणार कसं! दुकानात मशीन चालू व्हायचं ते बंद करून, दहा मोजून. तेवढ्यात कार्डाचा सगळा करंट जायचा, आणि करंट जाऊन आला की कार्ड आपोआप शून्यात, टक्क जागं. मास्तरांच्या तीन कळांनी करंट जातच नव्हता. मशीन परत उघडायचं आणि कार्ड झोपलेलंच. काकांच्या दुकानात शेकडो वेळा मशीन चालू झालं असेल, पण अशा रीतीनं एकदाही नाही. तशी कुणाची हिंमतच नव्हती.

वनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची कळ चुकत नव्हती. चूक माझी होती. सुरुवातीपासून."

"माहीत होतं की मला," मास्तर शांतपणे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या खेपेला सांगायला लागलो होतो. काका दहा मोजत होते, म्हणून थांबलो. नंतर तू म्हणालीस की कळ चुकते. आता आंधळा एक म्हणतो आणि इंजिनिअर एक म्हणते, तर गाव कुणाचं ऐकेल, सांग. पुढं पुढं मलाही वाटायला लागलं, चुकत असेल बोट. रात्री उठून उशीवर कळा दाबून बघायचो." ते हसले, पण अंबूताई हसल्या नाहीत. वनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं आणि कामाला लागली.

आधी काकांना फोन केला. काकांनी ऐकून घेतलं आणि व्यापाऱ्याचा उपाय सांगितला. "झोपवूच नकोस की त्याला! ती ओळ खोड, मिटला प्रश्न."

"नाही काका. उद्या दुसऱ्या कुणी झोपवलं तर? मागचा काय करून गेलाय यावर उघडणाऱ्यानं कशाला विसंबायचं? आधी आत काय अवस्था आहे ती बघायची, उठवायचं, मग बोलायचं."

"कर बाई, तुला हवं तसं कर. पण बोभाटा नको. त्रेसष्ट कार्डं विकली आपण. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं?"

तिनं फोन ठेवला.

उठवायची ओळ वर घेतली. उठताना कार्ड कारभाऱ्यानं दिलेला आपला पत्ता विसरायचं, तो आधी जपून ठेवून परत लिहायची सोय केली. मास्तरांनी तीन कळा दाबल्या. मशीन मिटलं, उघडलं आणि कानडी हेलात म्हणालं, "तयार आहे." अंबूताईंनी टाळी वाजवली. परत दाबल्या. "तयार आहे." तिसऱ्यांदा दाबल्या, आणि मशीन मुकं. अगं बाई गं!

वनितानं कपाळावर हात मारला. पुस्तिकेत लिहिलं होतं, उठवल्यावर दहा मिलिसेकंद थांबावं. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढी ती थांबत होती. मग आता काय?

"उठवल्यावर किती थांबतेस?" मास्तरांनी विचारलं. तिनं सांगितलं.

"हे कुणी ठरवलं?"

"पुस्तिकेत आहे."

"वर्गात झोपलेल्या पोराला मी उठवतो ना," मास्तर म्हणाले, "तर लगेच सन विचारत नाही. ते आधी उभं राहतं, चड्डी वर ओढतं, आपण कुठल्या तासाला आहोत ते शेजाऱ्याकडून काढून घेतं. एकाला दोन क्षण लागतात, एकाला पाच. पुस्तकात काही लिहिलेलं असो, समोरचं पोरगं बघून थांबावं लागतं."

वनितानं वीस केले. बारा वेळा बोललं, तेराव्यांदा अडकलं. तिनं पन्नास केले. मग तिनं खुर्ची मास्तरांना दिली आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसली. अंबूताईंनी ताटात शेंगदाणे आणले. मशीन बोललं की एक शेंगदाणा या बाजूचा त्या बाजूला. दर खेपेला दीड मिनिट. मधे जेवण झालं, शेजारची बाई येऊन हा काय खुळेपणा म्हणून बघून गेली. चाळीस वेळा मास्तरांनी कळा दाबल्या आणि चाळीस शेंगदाणे पलीकडं गेले. मग ते तिघांनी खाल्ले.

सोमवारी मशीन शाळेत पोचवायला वनिताबरोबर काका स्वतः आले. हेडमास्तरांच्या खोलीत टेबल मांडलं होतं. साहेब मध्यम वयाचे, कानडी बोलणारे, पण मराठी चांगलं समजणारे. आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. फाईल उघडून, पेनाचं टोपण काढून बसले.

हेडमास्तर म्हणाले, "साहेब, मशीन चांगलं आहे. पण गेल्या महिन्यात आम्हा सगळ्यांसमोर ह्यांच्या हातून बंद पडलं. ह्यांचा तरी काय दोष म्हणा. डोळे नाहीत, कळ चुकतेच."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मास्तर समोर तोंड करून बसले होते. वनितानं काकांकडं बघितलं. काकांनी मान हळूच आडवी हलवली, नको. कार्ड दुरुस्त झालं होतं, आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. पण साहेबांचं पेन चाललं होतं, आणि जे लिहिलं जात होतं ते खोटं होतं. आणि ते खोटं पहिल्यांदा बोललं कोण? तीच.

ती उभी राहिली. "साहेब, ते मास्तरांच्या हातून झालं नाही. माझ्या हातून झालं. मशीन परत उघडताना कार्ड झोपलेलं असतं, ते मी बघितलंच नव्हतं. मास्तरांनी बरोबर कळा दाबल्या होत्या. एकवीसच्या एकवीस वेळा. मीच त्यांना म्हणाले की तुमची कळ चुकते."

साहेबांनी वर बघितलं. "अशी किती विकलीत?"

"त्रेसष्ट."

"त्यांना सांगितलंत?"

वनितानं तोंड उघडायच्या आत काका खाकरले. घामानं त्यांची टोपी ओली झाली होती. "सांगणार की साहेब," ते म्हणाले, "आज संध्याकाळपासून. दुकान माझंच आहे, मग चूकही माझीच."

साहेबांनी मघाचं वाक्य एका रेघेनं खोडलं. "मग मला तेच बघायचंय," ते मास्तरांना म्हणाले. "त्या तीन कळा दाबा."

मास्तरांनी दाबल्या. मशीन मिटलं. दीड मिनिट म्हणजे केवढं असतं ते वनिताला त्या दिवशी कळलं. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. पडदा उजळला. काकांनी डोळे मिटून घेतले. मग स्पीकरमध्ये जरा खरखर झाली आणि कानडी हेलातला तो आवाज म्हणाला, "तयार आहे."

वनिताला रडू की हसू असं झालं.

"बरं," साहेब म्हणाले, "आता सातवीसाठी एक नवा प्रश्न काढा. आत्ता, माझ्यासमोर. आणि स्वतः वाचून तपासा."

मास्तरांनी खिशातून कानात घालायची वायर काढली, चाचपत स्पीकरला लावली, आणि खोलीतला आवाज बंद झाला. आता मशीन त्यांच्या एकट्याच्या कानात बोलत होतं. बोटं कळांवर चालायला लागली. थांबली, मागं आली, एक शब्द पुसला, परत चालली. मास्तरांच्या ओठांवर बारीक हसू होतं, चांगला प्रश्न सुचला की इतिहासाच्या मास्तराला येतं तसं.

साहेबांना उत्सुकता आवरेना. ते खुर्चीतून पुढं वाकले आणि पडद्याकडं मान वळवली. खुर्ची करकरली.

मास्तरांची बोटं थांबली. त्यांनी हात लांबवून पडद्याचं बटण शोधलं आणि पडदा बंद केला.

"माफ करा, साहेब," ते म्हणाले. "प्रश्नपत्रिका आहे. परीक्षेच्या आधी कुणी बघायची नसते."

साहेब क्षणभर काळ्या पडद्याकडं बघत राहिले, मग खुर्ची सावकाश मागं घेऊन बसले. फाईल मिटून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हेडमास्तर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या त्या रेकॉर्डच्या खोलीसाठी दुसरं कुणीतरी बघा."

मास्तरांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या कानात मशीन परत बोलायला लागलं होतं आणि ते दुसऱ्या प्रश्नाला लागले होते.